भिंत आपली, चित्रही आपले

१४ एप्रिल जवळ आला की पिंपरी-चिंचवडच्या कामगार वस्त्यांतून चुन्याचा आणि डिस्टेंपरचा वास येऊ लागतो. निगडी असो, आकुर्डी असो, भोसरी असो की चाकणची भाड्याची खोली असो, जयंतीच्या आधी घराला रंग लागलाच पाहिजे असा आपल्याकडचा शिरस्ता आहे. समोरच्या भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर लागते. प्रश्न येतो तो बाकीच्या तीन भिंतींचा. तिथे बहुतेक घरांत कंपनीचे कॅलेंडर, प्लॅस्टिकची फुले किंवा बाजारातून आणलेले डोंगर-धबधब्याचे पोस्टर असते. तो डोंगर कुठला, ते चित्र कोणाचे, हे घरातल्या कोणालाच सांगता येत नाही.

या तीन भिंती कशा सजवाव्यात, याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका आदिवासी चित्रकाराच्या आयुष्यात सापडते. त्यांचे नाव जिव्या सोमा म्हसे.

धुळीतून कागदावर

जिव्या म्हसे यांचा जन्म १९३४ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात एका वारली कुटुंबात झाला. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. डहाणू तालुक्यातील गंजाड येथे त्यांचे आयुष्य गेले. सातेक वर्षांचे असताना त्यांची आई वारली. त्या धक्क्याने मुलाचे बोलणेच बंद झाले. काही सांगायचे असले की तो खाली बसे आणि धुळीत बोटाने चित्र काढून दाखवी. चित्र ही त्याची भाषा झाली.

वारली समाजात भिंतीवरचे चित्र हे बायकांचे काम होते. लग्न ठरले की घराच्या आतल्या भिंतीवर लग्नचौक काढायचा, त्याच्या मधोमध पालघट देवी काढायची. चौक पूर्ण झाल्याखेरीज लग्न लागत नसे. लग्न पार पडले, दिवस गेले, की ते चित्र धुराने काळवंडायचे, सारवणाखाली जायचे. ते कोणत्या बाईने काढले, याची नोंद कुठेच राहत नसे.

जिव्या म्हसे यांनी दोन गोष्टी नव्या केल्या. पुरुष असून त्यांनी हातात काडी घेतली, आणि लग्नकार्य नसतानाही ते रोज चित्र काढू लागले. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी हे चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर आले आणि त्यांनी वारली बायकांना कागद दिले. तेव्हा जिव्या म्हसे यांचेही चित्र त्यांच्या नजरेस पडले. १९७५ साली मुंबईच्या गॅलरी केमोल्डमध्ये ती चित्रे लागली. १९७६ मध्ये म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातील मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. २००३ मध्ये जर्मनीतील ड्युसेलडॉर्फ येथे इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांच्या बरोबरीने त्यांचे प्रदर्शन झाले. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी ते गेले. सदाशिव आणि बाळू हे त्यांचे मुलगेही चित्रकार आहेत.

एवढी कीर्ती मिळाली, पण त्यांच्या चित्रांचा विषय बदलला नाही. मासे पकडायचे जाळे, भाताची कापणी आणि झोडणी, मुंग्यांची वारुळे, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरून नाचणारी माणसे. सामान घरातले आणि विषय डोळ्यांपुढचा. आपल्या घरासाठी त्यांच्याकडून घ्यायचे ते हेच.

तीन आकार पुरे

अनेक भगिनी म्हणतात, ‘आम्हाला चित्रकला येत नाही.’ वारली पद्धतीत गोल, त्रिकोण आणि चौकोन एवढे तीन आकार आले तरी पुरते. सूर्य-चंद्र म्हणजे गोल, डोंगर आणि शेंड्याचे झाड म्हणजे त्रिकोण, आखलेली जागा म्हणजे चौकोन. माणूस काढायचा तर दोन त्रिकोण टोकाला टोक लावून काढावेत. वरचा त्रिकोण छाती, खालचा कंबर. वर गोल डोके, मग काड्यांसारखे हातपाय. वरचा त्रिकोण जरा कलता काढला की माणूस वाकलेला दिसतो. मग तो भात लावतो आहे की मशीनवर जॉब लावतो आहे, हे त्याच्या हातांवरून कळते. पाचवीतल्या मुलालाही एका दुपारी हे जमते.

सामान आणि कृती

मूळ पद्धतीत भिंत शेणामातीने सारवून तिला गेरू देतात आणि त्यावर तांदळाच्या पिठाने चित्र काढतात. अजिंठ्याच्या लेण्यांतही चित्रांखालचा गिलावा मातीचाच आहे, त्यात भाताचा तूस आणि गवत मिसळलेले आहे. मातीवरचे चित्र म्हणजे हलके काम, असे कोणी समजू नये.

भाड्याच्या खोलीत भिंतीला हात लावला की घरमालक बोलतो. म्हणून चित्र कापडावर काढावे. खोली बदलली तर ते गुंडाळून बरोबर नेता येते.

एक मीटर मांजरपाट घ्यावे. जुनी सुती चादरही चालते. गेरू पाण्यात भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडे फेव्हिकॉल घालावे आणि कापडाला दोन हात द्यावेत. कापड सावलीत वाळवावे. दोन मुठी तांदूळ रात्रभर भिजवून पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये गंधासारखे बारीक वाटावेत आणि फडक्यातून गाळावेत. त्यात डिंकाचे पाणी चमचाभर घालावे. दह्याहून पातळ, ताकाहून दाट, असा रंग झाला पाहिजे. तो दुसऱ्या दिवशी आंबतो, म्हणून लागेल तेवढाच करावा. झुरळांचा त्रास असेल तर पांढरा पोस्टर रंग वापरावा. आजचे अनेक वारली चित्रकारही तो वापरतात.

ब्रश विकत आणायला नको. बांबूच्या बारीक काडीचे टोक ठेचले की त्याचा कुंचला होतो. बारीक रेघांसाठी खराट्याची काडी पुरते. चित्र वाळल्यावर कापडाच्या वरच्या आणि खालच्या कडेला नेफा शिवून त्यात काठी घालावी. चौकटीचा आणि काचेचा खर्च वाचतो.

कारखान्यांच्या पट्ट्यातले सामान

भोसरीपासून चाकणपर्यंत सुट्या भागांचे कारखाने आहेत, तिथे पॅकिंगचे खोके आणि लाकडी फळ्या भंगारात निघतात. भंगारवाल्याकडे त्या स्वस्तात मिळतात. खोक्याचा जाड पुठ्ठा कापून त्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्राचे दोन थर चिकटवावेत. वाळल्यावर गेरू द्यावा. मुलांच्या चित्रांसाठी उत्तम फळा तयार होतो. फळ्यांचे खिळे काढून, पॉलिश पेपरने घासून मुलांच्या पुस्तकांचे कपाट होते. त्याच्या कडेला वारली नक्षीची एक पट्टी काढली की विकतच्या फर्निचरची गरज उरत नाही. गळका माठ टाकून न देता त्यावरही चित्र काढावे.

दोन सूचना ध्यानात ठेवाव्यात. कंपनीतून काही घरी आणायचे तर परवानगीने आणि गेटपास घेऊनच आणावे. आणि रसायनाचे ड्रम कितीही चांगले दिसले तरी पाण्यासाठी किंवा धान्यासाठी वापरू नयेत. धुऊनही त्यातला अंश राहतो.

काढायचे काय?

इथे जिव्या म्हसे यांची खरी शिकवण उपयोगी पडते. त्यांनी आपला पाडा काढला. आपण त्यांचा पाडा नक्कल करून काढायचा नाही, आपली वस्ती काढायची. पहाटे पहिल्या पाळीला निघालेली माणसे आणि हातातले डबे, कंपनीच्या बसची रांग, नळावरच्या हंड्यांची रांग, चाकण चौकात अडकलेले ट्रक. लोणावळा लोकलला लोंबकळणारी माणसे, पवनेचा घाट, विहारात वंदनेला बसलेली मुले, दिव्याखाली अभ्यास करणारी मुलगी. मराठवाड्यातून, विदर्भातून इकडे आलेल्या कुटुंबांनी आपले गाव आणि तिथून निघालेली एस.टी. काढावी. आजोबांनी कोणत्या कारखान्यात किती वर्षे काढली, हे नातवाला एरवी कोण सांगणार? चित्र काढताना ते आपोआप विचारले जाते.

वारली कलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही छापील चादरी आणि कप-बशांवर ही चित्रे सर्रास दिसतात, आणि ज्यांची ही कला आहे त्यांच्या हाती त्यातले काही पडेलच असे नाही. घरासाठी या पद्धतीने चित्र काढणे म्हणजे शिकणे आहे. पण तेच ‘वारली चित्र’ म्हणून विकणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रमावर हात मारणे होय. विकतच घ्यायचे असेल तर वारली कलावंताच्या हातचे आणि त्याच्या नावाचे घ्यावे. आपल्या घामाचे मोल कमी झाले की किती लागते, हे कामगाराच्या घराला वेगळे सांगायला नको.

कोणाचा हात?

लग्नचौक काढण्याचा मान सवाशिणींचा होता. जिचा नवरा हयात नाही, तिच्या हाती ती काडी येत नसे. ही अट काही एका समाजापुरती नाही. हळदीकुंकवापासून ओटी भरण्यापर्यंत अनेक घरांत ती आजही पाळली जाते. आपण धम्माच्या मार्गाने चालणारी माणसे. आपल्या घरच्या चित्रात ही अट येऊ देऊ नये. उलट, पहिली रेघ त्या मावशीला, त्या वहिनीला, त्या आत्याला काढायला द्यावी, जिला आजवर मंगल कार्यात मागे उभे राहावे लागले. घरातल्या पुरुषांनी सुट्टीच्या दिवशी गेरू कालवावा, तांदूळ वाटावेत. त्यात कमीपणा नाही.

आणि चित्र पूर्ण झाले की एक काम राहता कामा नये. पिढ्यानपिढ्या वारली बायकांनी भिंती भरून चित्रे काढली, पण त्यांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. म्हणून ज्यांनी ज्यांनी काडी धरली, त्या सर्वांची नावे, आजीपासून लहान्यापर्यंत, कापडाच्या कोपऱ्यात लिहावीत. खाली तारीख घालावी. ज्या आजीला लिहिता येत नाही, तिचा पांढऱ्या रंगात बुडवलेला अंगठा तिच्या नावाशेजारी उमटवावा.