खिडकीतला सूर्य आणि हातातली खजूर

दोंडाईचाहून उमऱ्याला निघालेल्यांना मुंबई-जेद्दा हा सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा टप्पा विमानाने पाच-सव्वापाच तासांचा. मुंबईपर्यंतची रात्र, विमानतळावरची रांग घरचे हिशेबात धरतातच. निसटतो तो सूर्य.

दुपारी चारला उडालेले विमान तिथल्या घड्याळात पावणेसातला उतरते. कागदावर पावणेतीन तास! दोन्हीकडच्या वेळेत अडीच तासांचा फरक. पण रोजा सुटतो सूर्यास्ताला, आणि विमान पळते मावळत्या सूर्याच्याच मागे. मार्चमध्ये मुंबईत मगरिब पावणेसातच्या सुमारास. जेद्दात सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे नऊ वाजत आलेले असतात. घरी इशाची अजान होते, तरी खिडकीत ऊन आणि खजूर हातातच. साडेतेरा तासांचा रोजा साडेपंधरावर जातो.

साखरेची गोळी घेणाऱ्या आजी-आजोबांनी हे आधीच डॉक्टरांना विचारलेले बरे. मुसाफिराला रोजा सोडून नंतर कजा करण्याची मुभा कुरआनातच आहे. ती घेण्यात कमीपणा कसला?

परतीच्या दिवसाच्या विमानात मात्र संध्याकाळ लवकर गाठते. खजुराची पुडी वरच्या कप्प्यात नको, हाताशीच असावी.