चाकण परिसरातील बदलते घर आणि फर्निचरची निवड : पुरातन, जुने व नवे

प्रास्ताविक

घरातील फर्निचर हा विषय आपल्याकडे बहुधा सजावटीच्या सदरात मोडतो. त्याचा स्थलांतराशी, कौटुंबिक वाटणीशी आणि घरखर्चाशी असलेला संबंध सहसा विचारात घेतला जात नाही. चाकण व पिंपरी-चिंचवड पट्ट्यात मात्र हा संबंध ठळकपणे दिसतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २००९ मध्ये चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. या काळात गावोगावची जुनी घरे पडून त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या व परगावाहून आलेला नोकरदार वर्ग भाड्याच्या खोल्यांत स्थिरावला. एका घरातून सागवानी पेटी बाहेर जाते आणि शेजारच्या घरात लाकडी भुश्याच्या फळ्यांचे कपाट आत येते. या देवघेवीत पुष्कळदा दोन्ही कुटुंबांचे नुकसान होते. वस्तूचे वय किंवा तिचे बाजारातील नाव यांपेक्षा ती मोडल्यास दुरुस्त होते काय व घर बदलताना टिकते काय, यावर निवड ठरावी, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

‘अँटिक’ म्हणजे काय?

‘अँटिक’ व ‘विंटेज’ हे शब्द आज सरसकट वापरले जातात. त्यांपैकी पहिल्याला कायद्याचा आधार आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलासंपदा अधिनियमानुसार किमान शंभर वर्षे जुनी, गतकाळातील कला, कारागिरी वा चालीरीतींची निदर्शक असलेली वस्तू पुरावस्तू ठरते. अशी वस्तू खासगी व्यक्तीस परदेशी पाठवता येत नाही. परदेशी स्थायिक झालेल्या मुलाकडे पणजोबांची नक्षीदार पेटी पाठवू इच्छिणाऱ्यांना हे बहुधा ठाऊक नसते. वस्तू शिसवीची असेल, तर आणखी एक अडचण संभवते. कारण २०१७ पासून शिसवी लाकडाचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराखाली नियंत्रित आहे. ‘विंटेज’ या शब्दाला मात्र अशी कोणतीही व्याख्या नाही. शंभरी न गाठलेल्या, परंतु एखाद्या विशिष्ट काळाची घडण दाखविणाऱ्या वस्तूला व्यापारी हे नाव देतात.

तिसराही एक प्रकार आहे आणि फसवणूक बहुतांशी तेथेच होते. तो म्हणजे जुन्या लाकडाची नवी वस्तू. ती वाईट असते असे नाही. तिला पुरातन वस्तूची किंमत देऊ नये, एवढेच. परीक्षा करताना दर्शनी भागाकडे पाहू नये. खण बाहेर काढून त्याचा तळ व कडा पाहाव्यात. हाताच्या रंध्याने तासलेला पृष्ठभाग बोटांना किंचित खालीवर लागतो. वर्षानुवर्षे सरकलेल्या खणाची कड असमान झिजलेली असते. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक आक्रसते, त्यामुळे जुन्या गोल मेजाचा व्यास दोन दिशांनी मोजल्यास थोडा फरक आढळतो. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३० च्या दशकात प्रचारात आले. तेव्हा दीडशे वर्षांच्या म्हणविल्या जाणाऱ्या कपाटाला मूळचेच असे स्क्रू असतील, तर विक्रेत्याचे म्हणणे तेथेच निकालात निघते.

वाड्यातील लाकूड

गावातील जुन्या घरात फर्निचर फारसे नसेच. बसावयास पाट, निजावयास बाज किंवा पलंग, हिशेबाला उतरते मेज आणि ठेवणीच्या वस्तूंसाठी पेटारा. बाकीचे काम भिंतीतील फडताळ व कोनाडे करीत. म्हणजे फर्निचर हे घराच्याच अंगाचा भाग होते. घर पडले की फडताळाची चौकट, तुळया, खांब व दारे एकदमच बाजारात जातात.

हा व्यवहार बहुधा उक्ता होतो. वारसदार अनेक, घाई मोठी आणि लाकडाची मोजदाद कोणीच केलेली नसते. वास्तविक इमारती लाकडाचा भाव घनफुटावर ठरतो आणि मोजमाप अवघड नाही. दहा फूट लांब, आठ इंच रुंद व सहा इंच जाड तुळई ही सुमारे ३.३३ घनफूट भरते. अशा पंधरा तुळया म्हणजे ५० घनफूट. त्यांत खिळ्यांनी व किडीने खराब झालेला भाग वजा करावा आणि मगच बोलणी करावीत. प्रस्तुत लेखकाच्या मते विकण्यापूर्वीची ही एक तासाची मोजणी कोणत्याही सजावट-सल्ल्याहून अधिक मोलाची आहे.

सर्वच ठेवावे असा मात्र आग्रह नको. साडेसहा फूट उंचीचे अवजड कपाट उद्वाहनात मावत नाही. जिन्याच्या वळणावर अडते. दहा बाय बाराच्या खोलीत नक्षीदार पलंग मांडल्यावर चालावयास जागा उरत नाही. त्यापेक्षा पेटारा, चौरंग, उतरते मेज अशा आटोपशीर वस्तू ठेवाव्यात व तुळयांतून सुताराकडून खोलीच्या मापाचे मेज किंवा दिवाण करून घ्यावा. मात्र वस्तू आत आणण्यापूर्वी खाली कागद अंथरून ती काही दिवस निराळी ठेवावी. कागदावर बारीक पीठ पडले, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे.

नवे फर्निचर व भाड्याचे घर

भाड्याने राहणाऱ्याचा प्रश्न वेगळा आहे. त्याला दोनतीन वर्षांत घर बदलावे लागते. दुकानातील तयार, जुळणी करावयाचे फर्निचर त्याला सोयीचे वाटते. परंतु त्यातील पार्टिकल बोर्ड म्हणजे डिंकाने दाबलेला लाकडाचा चुरा होय. स्क्रू एकदा काढून पुन्हा बसविला की छिद्र सैल होते. कडेची पट्टी निघाली की पावसाळ्यातील ओल आत शिरून फळी फुगते. फुगलेली फळी पूर्ववत होत नाही. प्लायवूड या बाबतीत सरस ठरते. तेथेही स्वयंपाकघर व ओलसर भिंतीसाठी ‘बीडब्ल्यूआर’ किंवा आयएस ७१० प्रतीचे प्लायवूड घ्यावे; ‘एमआर’ म्हणजे केवळ दमटपणाला तोंड देणारे, पाण्याला नव्हे.

या परिसरात आणखी एक स्वस्त पर्याय उपलब्ध आहे, तो म्हणजे कारखान्यांतून निघणाऱ्या पॅलेट व खोक्यांचे पाइन लाकूड. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीतील अशा लाकडावर ठरावीक शिक्का असतो. ‘एचटी’ असल्यास ते गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापविलेले असते. ‘एमबी’ असल्यास मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते व ते घरात न आणणे बरे. तेलाचे डाग असलेल्या फळ्याही नकोत. तापविल्याने मूळची कीड मरते, वाळवीपासून कायमचे संरक्षण मिळत नाही. फडताळ किंवा पुस्तकांची मांडणी करावयास हे लाकूड उत्तम. भार सोसणाऱ्या पलंगासाठी मात्र नाही.

निर्लेखनाच्या यादीतील फर्निचर

जुने पोलादी कपाट हा मध्यम मार्ग मानता येईल. गोदरेजने १९२३ साली पोलादी कपाटे करावयास आरंभ केला आणि पुढे ते नाव कपाटालाच चिकटले. पाय गंजलेले नसतील, तर असे कपाट घासून, नवा रंग देऊन पुढची अनेक वर्षे वापरता येते; वाळवीची तर चिंताच नाही.

चंडीगडचे उदाहरण महाविद्यालयांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली १९५० च्या दशकात तेथील कार्यालयांसाठी सागवानी, वेताच्या बैठकीच्या खुर्च्या तयार झाल्या. पुढे त्या भंगाराच्या भावाने लिलावात निघाल्या आणि युरोपातील लिलावांत मोठ्या किमतीला विकल्या जाऊ लागल्या. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरच्या विक्रीला मनाई केली. आपल्या महाविद्यालयांच्या जडवस्तू नोंदवहीत अशा खुर्च्या असतीलच असे नाही. तथापि वेत तुटला म्हणून सागवानी खुर्ची निर्लेखनाच्या यादीत जाते आणि तिच्या जागी प्लास्टिकची येते, हे सर्वत्र घडते. निर्लेखन समितीच्या बैठकीस एखाद्या जाणत्या सुताराला बोलवावे; कोणती खुर्ची केवळ वेत विणून उभी राहील आणि कोणती खरोखर निकामी आहे, हे तो सांगू शकेल.