पेटीवर घडलेला विनोद

कर्नाटकातल्या अफजलपूर तालुक्यात मराठी दोन वाटांनी येते. एक वाट गाणगापूरची. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान करून पादुकांच्या दर्शनाला येणारा सोलापूर-पुण्याकडचा यात्रेकरू आपली भाषा बरोबर घेऊन येतो. ज्या गुरुचरित्राची पारायणं इथे चालतात, ते मराठीत लिहिणारे सरस्वती गंगाधर स्वतः कन्नड घरातले होते. दुसरी वाट रेडिओची. मध्यम लहरींना दिवसा शोषून घेणारा आकाशातला थर सूर्य मावळला की विरतो, लहरी त्याहून वरच्या थरावर आपटून खाली येतात, आणि मग दूरची मराठी केंद्रंही भीमेच्या काठावर, खरखरत का होईना, लागतात. या दुसऱ्या वाटेनं जो माणूस इथल्या मराठी घरांत आला आणि मुक्कामालाच राहिला, त्याचं नाव पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे, म्हणजेच पुलं.

पुलंची ओळख करून देताना लेखक, नाटककार, नट, संगीतकार, वक्ता अशी यादी वाचायची रीत आहे. यादी खरीच आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाचा कान. पेटीनं त्यांना जे शिकवलं, त्यावर त्यांचा विनोद उभा राहिला.

पेटी वाजवणाऱ्याकडे जरा जवळून पाहावं. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. नवशिका भाता जोरजोरात मारतो. सूर दणदणीत निघतो आणि ओळ संपायच्या आत हवा संपते. जाणकार भाता कधीच पुरता रिकामा होऊ देत नाही. गवई श्वास घेईल तिथे तो हात हलका करतो, त्याची तान उलगडत असताना मागे राहतो, आणि समेवर नेमकं वजन टाकतो. कधी वाजवायचं याइतकंच कधी थांबायचं हे साथीदाराला कळावं लागतं.

आता पुलंच्या आवाजातलं ‘म्हैस’ ऐका. कोकणातल्या रस्त्यावर एसटीपुढे म्हैस आडवी येते, एवढंच काय ते कथानक. त्यात ड्रायव्हर, कंडक्टर, म्हशीचा मालक, पोलीस, नाना तऱ्हेचे उतारू. एकच माणूस बोलतो आहे, पण प्रत्येकाची पट्टी वेगळी, प्रत्येकाचा ठेका वेगळा. कुणी घाईत, कुणी रेंगाळत, कुणी नाकात. आणि हशा पिकायच्या आधी एक बारीकसा विराम. तो विराम अर्धा क्षण लांबला तर गंमत सांडते, अर्धा क्षण आखडला तर ऐकणारा मागे राहतो. ‘बटाट्याची चाळ’ हा एकपात्री प्रयोग त्यांनी 1961 पासून केला, तेव्हा अख्खी चाळ एकट्यानं उभी करण्याचं हे बळ त्याच कानातून आलं होतं.

संगीतकार म्हणून त्यांचं काम वेगळं सांगायला नको. 1953 च्या ‘देवबाप्पा’तलं ‘नाच रे मोरा’ आजही बालवाडीत म्हटलं जातं. त्याच वर्षीच्या ‘गुळाचा गणपती’त ‘इंद्रायणी काठी’ त्यांच्या चालीवर भीमसेन जोशींनी गायलं. देहू-आळंदीची भक्ती मराठी माणसाच्या कानात घालणारा तो आवाज मूळचा कानडी मुलखातला, हे आम्हा सीमेवरच्यांना अभिमानानं सांगावंसं वाटतं.

1955 मध्ये पुलं आकाशवाणीत गेले. त्या वेळी आकाशवाणीवर पेटीला बंदी होती. 1940 मध्ये घातलेली ती बंदी 1971 पर्यंत टिकली. पेटीचे सूर जागच्या जागी ठरलेले, तिच्यातून मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, हा तिच्यावरचा आक्षेप. आक्षेपात तथ्य आहे. पण गायकाचा श्वास सांभाळून साथ करण्याची जी कला पेटीवाल्यांनी कमावली, तिचा हिशेब त्यात धरलेला नाही. पेटीत मुरलेला हा माणूस मायक्रोफोनसमोर बोलायला बसला, तेव्हा ती कला त्याच्या बोलण्यात उतरली. पुढे युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी लंडनला बीबीसीत माध्यमांचा अभ्यास केला आणि दूरदर्शनच्या सुरुवातीच्या दिवसांत पंडित नेहरूंची मुलाखतही घेतली.

हा केवळ मराठीतला योगायोग नव्हे. इंग्लंडमध्ये हम्फ्री लिटल्टन नावाचे ट्रम्पेटवादक होते. जॅझमधलं मोठं नाव. हेच गृहस्थ 1972 पासून 2008 मध्ये मृत्यू येईपर्यंत बीबीसी रेडिओवरच्या एका विनोदी खेळाचे सूत्रधार होते. गंभीर, कंटाळलेल्या आवाजात एक वाक्य बोलायचं आणि थांबायचं, ही त्यांची हातोटी. जॅझमध्ये काय किंवा आपल्या मैफलीत काय, वाजवणाऱ्याला पुढच्या समेची चाहूल आधी लागते. ही चाहूल ज्याला लागते, त्याला हशाची जागाही सापडते. रेडिओवर चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. तिथे सगळा कारभार लयीवर चालतो.

अफजलपुरात मात्र पुलंचं ‘म्हैस’ही नाही आणि ‘चाळ’ही नाही, पहिला मान ‘रावसाहेबां’ना. ‘गणगोत’ या पुस्तकातले बेळगावचे कृष्णराव हरिहर. पुलंनी बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवलं, त्यामुळे हा मुलूख त्यांचा ऐकलेला होता. रावसाहेबांचं मराठी कानडी हेलाचं. लिंग-वचनाचा पार धुव्वा उडालेलं, तोंडात शिव्या आणि पोटात नुसती माया. पुण्या-मुंबईचा श्रोता हे ऐकून पोट धरून हसतो. आम्हीही हसतो, पण आधी ओळखतो. आमच्या घरात काका असेच बोलतात, ‘ती ट्रक आला’ म्हणतात. शाळेत गुरुजींनी ज्या बोलण्याबद्दल आमचे कान उपटले, तेच बोलणं पुलंनी सुरात, एकही स्वर न बिघडवता, सगळ्या महाराष्ट्राला ऐकवलं. त्यात टिंगल नाही. हेल चुकीचा लागला असता तर नक्कल झाली असती. तो बरोबर लागला म्हणून माणूस उभा राहिला. आणि शेवटाकडे याच हसवणाऱ्या आवाजानं ऐकणाऱ्याचा गळा दाटून येतो.

12 जून 2000 रोजी पुण्यात पुलं गेले. 1946 साली त्याच तारखेला त्यांचं आणि सुनीताबाईंचं लग्न झालं होतं. शेवटची काही वर्षं पार्किन्सन्सनं त्यांचे हात थकवले होते. मराठी घरांत तो निरोप शोकसभेसारखा झाला नाही. कुणी कॅसेट लावली, कुणी पाठ असलेली वाक्यं म्हटली. कुणी सुरुवात करायची आणि दुसऱ्यानं पुरी करायची. लिटल्टन गेले तेव्हा त्यांच्या श्रोत्यांनीही त्यांच्याच खेळाच्या भाषेत त्यांचा निरोप घेतला. ज्यानं आयुष्यभर हसवलं, त्याचं ऋण हसूनच फेडायचं, हे दोन्हीकडच्या लोकांना कुणी शिकवावं लागलं नाही. 8 नोव्हेंबर 2020 ला, पुलंच्या जन्मदिवशी, गूगलनं त्यांचं चित्र मुखपृष्ठावर झळकवलं, त्यातही ते पेटी वाजवताना दाखवले होते.

पुलंची पुस्तकं सगळीकडे मिळतात आणि ती वाचावीतच. पण पुलं अर्धे कागदावर आहेत आणि अर्धे आवाजात. सीमाभागातल्या मराठी घरांना माझी एक विनंती आहे: मुलांना ‘रावसाहेब’ ऐकवा, आणि शेजारच्या कन्नड मित्रालाही ऐकायला बोलवा. आपलं बोलणं अशुद्ध म्हणून त्यांना हिणवलं जाण्याआधी, तेच बोलणं मराठीतल्या सर्वांत तयार कानाला किती प्यारं होतं, हे त्यांना कळू द्या.