न्यायालयीन पुनर्विलोकन आणि विचारविनिमय

बहुमताने संमत झालेला कायदा न्यायालयाने रद्दबातल ठरवावा, हे लोकशाहीशी सुसंगत आहे काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. भिक्खुसंघांना संसदीय कार्यपद्धती ज्ञात होती, याचे स्मरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीस करून दिले होते. महावग्गातील चम्पेय्यक्खन्धकानुसार संघकर्म समग्र, म्हणजे एकमताने झालेले असले, तरी ते अधम्माने झाले असल्यास ग्राह्य ठरत नाही. अर्थात, संघाबाहेर स्वतंत्र न्यायपीठ नव्हते. तेव्हा हे साम्य फार ताणू नये.

आपल्या राज्यघटनेखाली हा प्रश्न लवकरच उभा राहिला. मद्रास राज्याच्या जातवार आदेशानुसार वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतील दर १४ जागांपैकी ६ ब्राह्मणेतर हिंदूंना, प्रत्येकी २ मागास हिंदू, ब्राह्मण व अस्पृश्यांना आणि उरलेल्या २ ख्रिश्चन व मुसलमानांना मिळत. चंपकम दोराईराजन यांनी त्यास आव्हान दिले. (त्यांनी प्रवेशासाठी प्रत्यक्ष अर्ज केल्याचे त्यांच्या प्रतिज्ञापत्रात दिसत नव्हते!) ९ एप्रिल १९५१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम २९(२) च्या आधारे आदेश अवैध ठरविला. दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताचे कलम ४६ हे मार्गदर्शक तत्त्व आहे, ते मूलभूत हक्कांवर मात करू शकत नाही. नोकऱ्यांसाठी कलम १६(४) आहे, शिक्षणासाठी तशी तरतूद नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

निकाल मागासवर्गीयांच्या मुळावर येणारा होता. विधिमंत्री बाबासाहेबांनी संसदेत त्यावर कठोर टीका केली. तथापि न्यायालयाने घटनेतील उणीव नेमकी दाखविली होती, हेही मान्य केले पाहिजे. संसदेने चर्चा करून कलम १५(४) समाविष्ट केले. १८ जून १९५१ रोजी, म्हणजे अवघ्या सत्तर दिवसांत, पहिली घटनादुरुस्ती अमलात आली. ती करणारी संसद हंगामी होती, प्रौढ मताधिकाराने निवडलेली नव्हती, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही.

त्याच दुरुस्तीने नववी अनुसूचीही आणली. जमीनदारी निर्मूलनाचे १३ कायदे तीत घालून मूलभूत हक्कांच्या भंगाच्या कारणास्तव त्यांना आव्हान देण्याची वाट बंद करण्यात आली. पहिल्या मार्गात न्यायालयाला कारणासह उत्तर दिले गेले, दुसऱ्यात प्रश्नच नाकारला गेला. जमीनदारांविरुद्ध ते समर्थनीय असेलही. परंतु पुढे ही अनुसूची फुगत गेली आणि शेतजमिनीशी संबंध नसलेले कायदेही तीत शिरले. २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. त्या तारखेनंतर अनुसूचीत घातलेले कायदे या कसोटीवर तपासता येतील, असा निर्णय नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २००७ मध्ये दिला.