दुर्बीण आणि तिच्याखालची जमीन

दुर्बिणीचा विषय निघाला की आरसा केवढा आणि ती किती दूरचे पाहते, एवढेच आपण विचारतो. ती कोणाच्या जमिनीवर उभी आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. हवाई बेटावरील मौना केआ या डोंगराच्या निमित्ताने दोन्ही प्रश्न एकत्र घेण्याचा आमचा विचार आहे.

मौना केआ हा प्रशांत महासागरातला निद्रिस्त ज्वालामुखी. त्याचा शेवटचा उद्रेक सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी झाला. उंची ४,२०५ मीटर; आपल्या कळसूबाईच्या अडीचपटीहून अधिक. आता दुर्बिणीला हाच डोंगर का? ताऱ्याचा प्रकाश हवेतून येतो आणि हवा हलली की तो थरथरतो. उन्हात तापलेल्या रस्त्यापलीकडचे दृश्य हलते, तसाच हा प्रकार. शिवाय हवेतले बाष्प अवरक्त किरण शोषून घेते. उंचावर गेले की ही हवा बरीचशी खाली राहते. पण उंच डोंगर इतरत्रही आहेत. इथे चहूकडे समुद्र असल्याने वारा अडखळत नाही, आणि लाव्ह्याच्या थरांनी बनलेल्या सौम्य उतारावरून तो संथपणे निघून जातो. सुमारे दोन हजार मीटरांवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो आणि ढग व दमटपणा त्याच्याखालीच कोंडून राहतात. वरचे आकाश कोरडे आणि काळेभोर असते.

१९६० च्या मे महिन्यात सागरी लाटांनी हिलो शहर उद्ध्वस्त झाले. धंदा बसला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी खगोलशास्त्रज्ञांना बोलावणी धाडली. १९६४ साली जेरार्ड कायपर यांनी शिखराची पाहणी केली. १९६८ साली ही जमीन हवाई विद्यापीठाला ६५ वर्षांच्या पट्ट्याने मिळाली. पुढे तिथे डझनभर दुर्बिणी उभ्या राहिल्या. केक दुर्बिणीचा १० मीटरचा आरसा ३६ षट्कोनी तुकडे जुळवून केलेला आहे. अँड्रिया गेझ यांनी आपल्या आकाशगंगेच्या मध्याभोवती फिरणारे तारे तिथूनच वर्षानुवर्षे मोजले व २०२० च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळवला.

हे यश मोठे आहे. त्यात हातांचाही वाटा आहे. शिखरावर दर श्वासागणिक प्राणवायू समुद्रकाठच्या सुमारे साठ टक्केच मिळतो. तशा हवेत माणसांनी लोखंड चढवले. जानेवारी १९९६ मध्ये सुबारू दुर्बिणीच्या घुमटाच्या बांधकामात आग लागून तीन कामगार दगावले. आरशाच्या कौतुकात त्यांची आठवण क्वचितच निघते.

आता जमिनीकडे वळू. हवाईचे स्वतंत्र राज्य १८९३ साली उलथवले गेले आणि १८९८ साली ती बेटे अमेरिकेला जोडली गेली. शिखराची जमीन त्या राज्याच्याच जमिनींपैकी आहे. मूळ रहिवाशांना हा डोंगर पवित्र वाटतो. हिमदेवी पोलिआहूचे ते स्थान. ३० मीटरच्या, ४९२ तुकड्यांच्या नव्या दुर्बिणीचे काम निघाले, तेव्हा लोक रस्त्यावर बसले. २०१५ च्या डिसेंबरात न्यायालयाने परवाना रद्द केला; २०१८ साली नवा परवाना वैध ठरला; २०१९ च्या जुलैत पुन्हा रस्ता अडवला गेला आणि तीसहून अधिक जणांना अटक झाली. त्यांत बहुतेक वृद्ध होते.

यावर कोणी म्हणेल, विज्ञानाला विरोध म्हणजे अडाणीपणा. आम्हांला हे पटत नाही. तारे पाहूनच समुद्र ओलांडणाऱ्यांचे हे वंशज आहेत, आणि त्यांच्यातही दुर्बिणीला अनुकूल माणसे आहेत. भांडण ताऱ्यांचे नाही, विचारण्याचे आहे. कामगार चळवळीत आम्ही एवढे शिकलो, की काम सुरू झाल्यावर मागितलेली संमती ही संमती नव्हे. २०२२ च्या कायद्याने डोंगराचा कारभार एका नव्या मंडळाकडे सोपवण्याचे ठरले. त्यात शास्त्रज्ञांबरोबर स्थानिक परंपरा जाणणाऱ्यांनाही जागा आहे. २०२४ पर्यंत दोन जुन्या दुर्बिणी उतरवल्या गेल्या. जुना पट्टा २०३३ साली संपतो; पुढचा करार कसा होतो, यावर बरेच ठरेल.

भारताने २०१४ मध्ये त्या नव्या दुर्बिणीतील भागीदारीस मंजुरी दिली. पुण्याची आयुका ही संस्थाही त्या कामात आहे. पैसा आपलाही आहे. तेव्हा जमिनीचा प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्यालाही आहे, आणि तो विचारणे हे आपले कामही आहे.