तहान भागत नाही तेव्हा

गुरुजी, वर्गातला एखादा मुलगा तासाला दोनदा बाहेर जाऊ लागला आणि येताना माठाकडे वळू लागला, तर आपण त्याला दटावतो. घरी आईला वाटते, फार पाणी पितो म्हणून अंथरूण ओले करतो. मग ती रात्री तांब्या दडवून ठेवते. एवढे मात्र करू नका. पोर पाणी पिते म्हणून लघवी होते असे नाही. लघवीवाटे पाणी जाते म्हणून ते पाणी मागते. पाणी तोडले तर जिवावर बेतेल.

लघवीत साखर निघाली तर तो मधुमेह. साखर नाही आणि लघवी पाण्यासारखी स्वच्छ, तर उदकमेहाची शंका घ्यावी. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. तिच्यातून सुटणारा एक रस मूत्रपिंडांना पाणी राखायला लावतो. तो आटला की शरीराचा बांधच फुटला म्हणा ना!

रस आटण्याची कारणे अनेक. त्यांतले एक विरळा आहे : लँगरहान्स पेशींचा हिस्टिओसायटोसिस. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६८ साली कातडीतल्या ज्या पेशी दाखवल्या, त्यांच्यासारख्या पेशी या रोगात भलत्या ठिकाणी गर्दी करतात. कवटीत झाली तर टेंगूळ, कानाच्या हाडात झाली तर वाहता कान, कातडीत झाली तर औषधाला न जुमानणारे पुरळ. आणि ग्रंथीच्या देठात झाली तर ही तहान. आपण कानासाठी एका डॉक्टरकडे जातो, पुरळासाठी दुसऱ्याकडे, आणि सगळी हकीकत कुणालाच कळत नाही. ती एकाच डॉक्टरला सांगा. मुलाची वाढही खुंटते, तेव्हा शाळेतली उंचीची नोंद सोबत न्या.

पाणी बंद ठेवून करायची परीक्षा इस्पितळातच व्हावी, घरी नव्हे. एमआरआयमध्ये देठ जाडावलेला दिसतो. खात्री मात्र हाडाचा किंवा कातडीचा तुकडा तपासूनच होते.

रोग बराच पसरला असेल तर व्हिनब्लास्टिनची इंजेक्शने आणि प्रेडनिसोलोन, बहुधा वर्षभर देतात. पुष्कळ रुग्णांत बीराफ नावाच्या जनुकात बिघाड असतो, हे २०१० साली उमगले. त्यावर नेमकी औषधेही आता आहेत. रोग शमला तरी आटलेला रस सहसा परत येत नाही. त्याच्या जागी डेस्मोप्रेसिन कायम घ्यावे लागते. ते घेत असता तहानेपुरतेच पाणी प्यावे, आग्रह करून पाजू नये.

आणि हा रोग लागट नाही. मुलाला इतरांशेजारीच बसवा, पाण्याची बाटली जवळ ठेवू द्या, आणि बाहेर जाताना त्याला हात वर करायला लावू नका.