अंगावरून वारं गेलं म्हणजे नेमकं काय झालं?

वस्तीत कुणाचं तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की शेजारी म्हणतात, "अंगावरून वारं गेलं." मग तेल चोळणं, कबुतराचं रक्त लावणं, भगताकडे नेणं सुरू होतं. आम्ही शिबिरात सांगतो, बिघाड हातात नसतो, डोक्यात असतो.

मेंदूचा पृष्ठभाग अक्रोडासारखा असतो. वर आलेल्या भागाला वळी म्हणतात, दोन वळ्यांमधल्या फटीला खाच. मेंदूचा वरचा थर जेमतेम २ ते ४ मिलिमीटर जाड, पण उलगडून पसरला तर जवळपास वर्तमानपत्राच्या एका पानाएवढा भरेल. लूमवरचं कापड घडी घालूनच ठेवावं लागतं, तसा हा थर घड्या पडून कवटीत बसतो. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग खाचांत झाकलेला असतो.

दोन खाचा लक्षात ठेवा. पहिली टाळूपासून कानाच्या दिशेने उतरते. तिच्या पुढची वळी अंग हलवते, मागच्या वळीला स्पर्श कळतो. पुढच्या वळीत मांडणी उलटी आहे: वर पाय, मग हात, खाली तोंड.

दुसरी खोल खाच कानाच्या वरून आडवी जाते. तिच्यातून जाणारी मोठी रक्तवाहिनी हाताच्या आणि तोंडाच्या भागाला रक्त पुरवते. बहुतेकांची बोलण्याची केंद्रंही डाव्या बाजूला याच खाचेलगत असतात. तिथे रक्ताची गुठळी अडकली की तोंड, हात आणि वाचा एकदम जाऊ शकते. डावा मेंदू उजवं अंग चालवतो, म्हणून लुळी पडते ती उजवी बाजू.

अशा वेळी माणसाला हसायला सांगा: तोंड एकीकडे ओढलं जातं का? दोन्ही हात समोर उचलायला सांगा: एक खाली येतो का? एखादं वाक्य बोलायला सांगा: जीभ अडखळते का? यातली एक खूण दिसली तरी घड्याळ बघा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. त्याआधी सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही हे पाहावं लागतं. म्हणून घरी कुठलीही गोळी देऊ नका. पाणी, चहाही नको, श्वासनलिकेत जाऊ शकतो.

भिवंडीहून ठाणे-मुंबई गाठताना ट्रॅफिकमध्येच किती वेळ जातो, ते आपल्याला ठाऊक आहे. त्यात भगताच्या दारात एक तासही घालवू नका.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, रात्रपाळीवाल्यानेही, वर्षातून एकदा तरी बीपी मोजून घ्यावं. वाढलेलं बीपी दुखत नाही, म्हणूनच कळत नाही.